गांडूळ, ऊन आणि जड धातू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की मला विचारणा सुरू होते. गांडूळ खताचे वाफे सांभाळणारे शेतकरी विचारतात, "शेण तेच, पाणी तेच, मग गांडुळे का मरतात?" प्राणिशास्त्राचे विद्यार्थी विचारतात, "पुस्तकातला विषारीपणाचा आकडा आमच्या प्रयोगात जुळत का नाही?" दोघांच्या प्रश्नाचे मूळ बरेचदा एकच निघते. धातू किती विषारी हे एकट्या धातूवर ठरत नाही. माती किती तापली आहे आणि तो ताण सोसायला गांडुळाच्या पेशीत किती बळ शिल्लक आहे, यावरही ते ठरते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

गरमी वाढली की धातूचे विष वाढते, हे सरसकट खरे आहे का?

बहुतेक वेळा खरे, सरसकट नाही. गांडूळ थंड रक्ताचा प्राणी आहे, त्याच्या शरीराचे तापमान मातीबरोबर चढते-उतरते. तापमान १० अंशांनी वाढले की अशा प्राण्यांच्या शरीरातल्या क्रिया साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने चालतात. श्वसन वाढते, खाणे वाढते, आणि त्याबरोबर धातू आत येण्याचा वेगही वाढतो. पण बाहेर टाकण्याचा आणि निष्प्रभ करण्याचा वेगही वाढतोच. म्हणून त्या प्राण्याला मानवणाऱ्या तापमानाच्या पट्ट्यात चार-पाच अंशांचा फरक पडला तरी कधी कधी काहीच दिसत नाही. पट्ट्याची वरची कड जवळ आली की मात्र चित्र झपाट्याने पालटते.

धातू गांडुळाच्या अंगात शिरतो कुठून?

दोन वाटांनी. एक तोंडावाटे, गिळलेल्या मातीबरोबर. दुसरी कातडीवाटे, आणि ही वाट फार महत्त्वाची. गांडुळाला फुप्फुसे नाहीत, ते ओल्या कातडीतून श्वास घेते. मातीच्या कणांमधल्या पाण्यात विरघळलेला तांब्याचा किंवा कॅडमियमचा आयन त्याच ओल्या कातडीतून आत जातो. श्वासाची वाट बंद करता येत नाही, म्हणून विषाची वाटही बंद करता येत नाही.

यात उष्णतेची एक क्रूर गंमत आहे. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

ताण-प्रथिने म्हणजे काय?

पेशीतले प्रत्येक प्रथिन एका ठरावीक घडीत असते. चुणीदार पातळासारखे समजा. घडी मोडली की ते नेसण्याच्या कामाचे राहत नाही. उष्णतेने घड्या मोडतात. मोडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि पेशी गुदमरते. हे होऊ नये म्हणून पेशी काही खास प्रथिने तयार करते. ती मोडलेल्या प्रथिनाला धरतात, चिकटण्यापासून वाचवतात, पुन्हा घडी घालायला मदत करतात, आणि अगदीच बिघडलेले प्रथिन मोडीत काढायला पाठवतात. हीच ताण-प्रथिने, म्हणजे हीट शॉक प्रोटीन, थोडक्यात एचएसपी. एचएसपी ७०, एचएसपी ९० अशी नावे ऐकली असतील. तो आकडा म्हणजे किलोडाल्टनमधला त्यांचा अंदाजे रेणुभार.

शोधाची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. इटलीत फेरुच्चो रितोस्सा फळमाशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. प्रयोगशाळेत कुणीतरी उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले होते. गुणसूत्रांवर नेहमी नसणाऱ्या जागी फुगवटे दिसले: तिथली जनुके जागी झाली होती. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने हाती लागायला १९७४ उजाडले.

ताप नसताना नुसत्या धातूने ही प्रथिने का वाढतात?

कारण पेशीला ताप कळत नाही, मोडलेली घडी कळते. कॅडमियम, पारा, तांबे यांची गंधकाशी घट्ट सोयरीक आहे. प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या टोकाला गंधक असतो. धातू तिथे जाऊन बसतो आणि घडी बिघडते. कॅडमियम जस्ताची जागाही बळकावते, त्यामुळे जस्तावर चालणारी प्रथिने निकामी होतात.

एरवी एचएसएफ-१ नावाचे एक प्रथिन एचएसपींच्याच ताब्यात गप्प बसलेले असते. मोडलेली प्रथिने वाढली की एचएसपी तिकडे धावतात आणि एचएसएफ-१ मोकळे होते. तीन-तीन एकत्र येऊन ते डीएनएला चिकटते आणि आणखी एचएसपी बनवण्याचा हुकूम सुटतो. घडी उन्हाने मोडली की कॅडमियमने, याच्याशी या यंत्रणेला कर्तव्य नाही. पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

मग मेटॅलोथायोनिन म्हणजेच एचएसपी का?

नाही, आणि परीक्षेत ही चूक फार होते. मेटॅलोथायोनिन हे लहानसे प्रथिन थेट धातूलाच पकडून ठेवते. १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली यांनी ते घोड्याच्या मूत्रपिंडातून वेगळे केले. त्यातल्या अमिनो आम्लांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा सिस्टीनचा, म्हणजे गंधकाची रेलचेल. एक चोराला बांधून ठेवणारा, दुसरा चोरीनंतर घर आवरणारा, असा दोघांतला फरक.

गांडुळात याच्या जोडीला तिसरी सोय आहे. गांडूळ चिरून पाहिलेल्यांना आतड्याभोवती चिकटलेली पिवळसर-तपकिरी, मऊ ऊती आठवत असेल. तीच धातूंचे कोठार. शिसे आणि जस्त तिथे फॉस्फेटच्या बारीक दाण्यांत अडकतात, कॅडमियम गंधकाच्या सोबतीने वेगळ्या पुटिकांत. म्हणूनच गांडुळातले कॅडमियम भोवतीच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त भरते आणि तरी ते जिवंत असते. ब्रिटनमधल्या जुन्या शिशाच्या खाणींच्या मातीत लुंब्रिकस रुबेलस जातीची गांडुळे अशीच नांदतात.

ऊन आणि धातू एकाच वेळी आले तर नेमके काय बिघडते?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून थोडे थांबून सांगते.

घडी घालण्याचे काम फुकट होत नाही. एचएसपी ७० ला प्रत्येक फेरीत एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, जाळावे लागते. मेटॅलोथायोनिन बनवायला सिस्टीन लागते, आणि तेच सिस्टीन ग्लुटाथायोन या दुसऱ्या संरक्षक रेणूलाही हवे असते. धातूचे दाणे बांधून कोठारात ठेवायलाही ऊर्जा लागते. म्हणजे धातू आला की गांडुळाच्या घरखर्चात एक मोठी बाब वाढते.

उन्हाने तर खर्च सगळीकडूनच वाढतो. नुसते जिवंत राहायला जास्त प्राणवायू लागतो, आणि तो कमी मिळतो. भरीला कॅडमियम आणि तांबे ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियालाच त्रास देतात. खर्च वाढला, कमाई घटली. अशा वेळी शरीर पहिली काटछाट करते ती वाढीत आणि प्रजननात. म्हणून वाफ्यात पहिले लक्षण मेलेली गांडुळे नसते. लिंबाच्या बियांएवढे पिवळसर कोष दिसेनासे होतात. गळ्याजवळचा फुगीर पट्टा, मेखला, सपाट पडते. ढीग हाताने उकरून पाहणाऱ्याला ही गोष्ट पंधरा दिवस आधी कळते.

याच्या पुढची पायरी म्हणजे एचएसपीच अपुरे पडणे. उपलब्ध सगळे एचएसपी धातूने मोडलेल्या घड्या सावरण्यात गुंतलेले असताना दुपारी माती आणखी चार अंश तापली, तर त्या चार अंशांसाठी हात मोकळे नसतात. एरवी सोसले असते ते तापमान आता सोसत नाही. उलटही तितकेच खरे: एरवी पचला असता तेवढा धातू आता पचत नाही. दोन ताणांची बेरीज कधी कधी बेरजेपेक्षा मोठी होते ती अशी.

आधी थोडे ऊन सोसलेले गांडूळ धातूला जास्त टिकते का?

टिकू शकते, पण अटी आहेत. सौम्य उष्णतेने एचएसपीचा साठा तयार झाला आणि मग विश्रांती मिळाली, तर पुढचा घाव सोसवतो. सी. एलेगन्स या सूत्रकृमीवर लिथगो, जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले की थोडा वेळ उष्णता दिलेले कृमी पुढच्या तीव्र उष्णतेत जास्त तगतात आणि त्यांचे आयुष्यही वाढते. ताण-प्रथिने ताणाचे कारण पाहत नसल्यामुळे एका ताणाची तयारी दुसऱ्याला उपयोगी पडते. कळीचा शब्द मात्र 'विश्रांती'. आमच्याकडच्या मे महिन्यात रात्रही तापलेली असते, तेव्हा गांडुळाला उसंतच मिळत नाही. 'थोडे ऊन लागू द्या, कणखर होतील' असे वाफ्याच्या बाबतीत कुणी सुचवले तर ऐकू नका.

थंडीत धातू निरुपद्रवी होतो ना?

नाही. डेन्मार्कमध्ये मार्टिन होल्मस्ट्रप यांच्या गटाने डेंड्रोबीना ऑक्टीड्रा या गांडुळावर काम केले. हे गांडूळ शरीरातले पाणी गोठले तरी जगते. २००५ साली त्यांनी दाखवले की मातीत तांबे असेल तर हेच गांडूळ गोठणे सोसण्याची ताकद गमावते, आणि ते दोन परिणामांच्या साध्या बेरजेपेक्षा जास्त. म्हणजे मुद्दा एकट्या उष्णतेचा नाही. प्राण्याच्या सोसण्याच्या दोन्ही कडांवर धातू महाग पडतो.

संशोधक एवढे सी. एलेगन्सच्या मागे का? तो तर गांडूळही नाही.

बरोबर, तो सूत्रकृमी आहे, गांडुळाचा लांबचाही नातलग म्हणवणार नाही. पण जेमतेम १ मिलिमीटर लांब, अंग काचेसारखे पारदर्शक, प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात प्रजनन पेशी वगळता नेमक्या ९५९ पेशी, आणि तीन-साडेतीन दिवसांत अंड्यापासून प्रौढ. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात तो प्रयोगशाळेत आणला आणि १९९८ साली त्याचा जनुकसंच वाचून झाला, बहुपेशीय प्राण्यांत सर्वांत आधी.

याच्या एचएसपी-१६ जनुकाच्या 'बटणाला' हिरवी चमक देणारे प्रथिन जोडलेले कृमी मिळतात. पहिल्यांदा तसा कृमी पाहिला तो दिवस मला लख्ख आठवतो. २० अंशांवरची बशी: अंधारात काही नाही, वळवळणाऱ्या पुसट सावल्या. शेजारची बशी तास-दीड तास ३५ अंशांना ठेवून मग सावरायला वेळ दिलेली: प्रत्येक कृमी घशापासून आतड्यापर्यंत हिरवा. तिसऱ्या बशीत ऊन नाही, फक्त कॅडमियम, तरी आतड्याच्या कडेने हिरवी रेघ उमटलेली. इतकी वर्षे फळ्यावर बाण काढून शिकवलेली गोष्ट त्या तीन बश्यांनी डोळ्यांना दाखवली. विद्यार्थ्यांनो, संधी मिळाली तर हे एकदा स्वतः पाहाच.

विषारीपणाच्या चाचण्या २० अंशांवरच का होतात?

कारण त्या युरोपात घडल्या. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची २०७ क्रमांकाची चाचणी १९८४ ची. आयसेनिया फेटिडा हे गांडूळ, कृत्रिम मातीत ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन चिकणमाती आणि १० टक्के पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा), तापमान २० अंश, दोन अंश इकडेतिकडे. १४ दिवसांत किती मेली ते मोजायचे. नंतर आलेल्या २२२ क्रमांकाच्या चाचणीत ८ आठवडे घेऊन पिल्ले मोजतात, आणि माझ्या मते तीच खरी उपयोगाची, कारण आधी म्हटले तसे प्रजनन मरणाच्या बरेच आधी थांबते.

तापमान एक ठेवले की जगभरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात, हा फायदा मोठाच आहे. पण २० अंशांवर 'सुरक्षित' ठरलेला आकडा अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मेमधल्या उथळ वाफ्याला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. ब्राझीलसारख्या उष्ण देशांत संशोधकांनी पीटऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरून आणि तापमान चढवून चाचण्या सुरू केल्या. आपल्याकडच्या महाविद्यालयांना हे सहज जमण्यासारखे आहे: कोकोपीट कोकणात मिळते, युड्रिलस आणि पेरिओनिक्स जातीची गांडुळे कुठल्याही खत प्रकल्पावर. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्यांनी २०, २६ आणि ३० अंशांवर तीच चाचणी करावी. एकाच धातूवर केली तरी चालेल.

गांडुळातले एचएसपी मोजून जमीन दूषित आहे का ते कळेल?

एकट्या त्यावरून नाही. एक तर उन्हानेही ते वाढते, म्हणून नमुना घेताना मातीचे तापमान लिहिले नसेल तर तो आकडा वाया गेला. दुसरे, ताण वाढत जातो तसे एचएसपी ७० आधी चढते, मग शिखर गाठून उतरते, कारण फार बिघडलेल्या पेशीला ते बनवणेही झेपत नाही. त्यामुळे कमी आकड्याचे दोन अर्थ: गांडूळ ठणठणीत, किंवा मरणाच्या दारात. मेटॅलोथायोनिन धातूंच्या बाबतीत जास्त भरवशाचे. सोबत न्यूट्रल रेड रंगाची सोपी चाचणी करावी: देहद्रवातल्या पेशींच्या लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत, हा रंग किती वेळ टिकतो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. पिशवीचे आवरण जितके दुबळे, तितका रंग लवकर बाहेर झिरपतो.

आमच्या द्राक्षबागेत दर वर्षी बोर्डो फवारतो. गांडुळांना किती धोका?

हिशेब करू. एक टक्का बोर्डो, हे बुरशीनाशक मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि चुना. मोरचुदात सुमारे चौथा हिस्सा तांबे. एका एकरावर ४०० लिटर फवारले तर १ किलो तांबे. एकरभर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर साधारण ९ लाख किलोचा असतो. म्हणजे एका फवारणीने किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास तांबे वाढले. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तांबे कुजत नाही, उडून जात नाही. २०-२५ वर्षांच्या बागेत ते साठत जाते, आणि बराचसा साठा वरच्या थरातच, जिथे गांडूळ राबते. इंग्लंडमधल्या जुन्या सफरचंदाच्या बागांत तांब्याची फवारणी वर्षानुवर्षे झाली, तिथे गांडुळे जवळजवळ संपली आणि न कुजलेल्या पानांचा गालिचा जमिनीवर साचत गेला. युरोपीय संघाने तांब्यावर ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाला एकरी सुमारे १.६ किलो. वरच्या हिशेबाने दोन फवारण्यांतच ती ओलांडली जाते.

कोकणात आणि गोव्यात सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो फवारणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे, किंबहुना जास्तच, कारण तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी, आणि आम्लात तांबे जास्त मोकळे राहते.

काळ्या मातीत धोका कमी का?

बऱ्याच अंशी हो. काळी माती चुनखडीयुक्त, अल्कधर्मी आणि चिकण, त्यामुळे धातूला घट्ट धरून ठेवते. दख्खनच्या बसाल्टमध्ये तांबे मुळातच बरेच असते, म्हणून माती परीक्षणात 'एकूण तांबे' जास्त आले तर घाबरू नका. ते खनिजात कुलूपबंद आहे. विचारायचे ते 'उपलब्ध तांबे' किती.

गांडुळे धातू शोषतात, मग गांडूळ खत धातुमुक्त होते ना?

ही समजूत धोकादायक आहे. धातू नाहीसा होत नाही, जागा बदलतो. उलट सेंद्रिय पदार्थ कुजून वजन घटते, त्यामुळे तयार खतात धातूचे एकूण प्रमाण किलोमागे वाढूही शकते. मात्र त्याचा सहज विरघळणारा हिस्सा बहुधा कमी होतो. शहरी कचरा किंवा सांडपाण्याचा गाळ वापरत असाल तर तपासणी करून घ्याच. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळ खतात किलोमागे कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५० आणि शिसे १०० मिलिग्रॅमच्या वर नको. आणि अशा वाफ्यातली गांडुळे कोंबड्यांना घालू नका.

पिढ्यानपिढ्या सवय होऊन गांडुळे धातूला पक्की होतात का?

होतात, आणि याचा सुंदर पुरावा न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठच्या फाउंड्री कोव्ह या खाडीत आहे. तिथल्या बॅटरी कारखान्याने १९५३ ते १९७९ या काळात निकेल-कॅडमियमचे सांडपाणी सोडले. गाळातल्या लिम्नोड्रिलस या गांडुळाच्या नात्यातल्या बारीक कृमींनी अवघ्या काही पिढ्यांत प्रतिकार मिळवला. १९९४-९५ मध्ये गाळ उपसून खाडी स्वच्छ केली, आणि त्यानंतर ९ ते १८ पिढ्यांत तो प्रतिकार बराचसा ओसरला. लेव्हिंटन आणि सहकाऱ्यांनी हे २००३ साली मांडले. प्रतिकार फुकट असता तर तो टिकला असता. संरक्षणाला खर्च येतो, असे मी वर म्हटले ते यासाठीच. आणखी एक: पक्क्या झालेल्या कृमींनी कॅडमियम दाण्यांत बांधून ठेवलेले असल्याने ते खाणाऱ्या कोळंबीच्या अंगी त्यातले कमी लागत असे.

माझ्या वाफ्यासाठी आज काय करू?

तापमापी सावलीतल्या भिंतीवर टांगू नका, वाफ्यात १० सेंटीमीटर खोल खुपसा आणि दुपारी ३ वाजता वाचा. आयसेनियासाठी २५ पर्यंत उत्तम, ३० ला सावध, ३५ च्या आसपास ती मरू लागते. ओले गोणपाट, उसाच्या पाचटाचे आच्छादन, वाऱ्याला मोकळी वाट. पाणी सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे. एकदम ओतलेले पाणी हवा कोंडते. नवा माल, विशेषतः कुठून आला हे नक्की ठाऊक नसलेला, एप्रिल-मेमध्ये घालू नका. तो पाऊस पडून ढीग निवल्यावर घाला, आणि आधी एका टोपलीत २० गांडुळे सोडून दोन आठवडे पाहा. टोपली उलटवाल तेव्हा मेलेली मोजाच, पण त्याआधी कोष मोजा.